दादर ते ठाणे, मेथीची एक जुडी

१९८७ साली मी फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला लागले. तेव्हा माझे वडील आणि मी डोंबिवलीहून एकाच गाडीने निघत असू, पण आम्ही एकत्र प्रवास करीत होतो असे मात्र म्हणता येणार नाही. फलाटावर जिन्याच्या पायथ्याशी आमची ताटातूट होई. ते जनरलच्या डब्याकडे वळत आणि मी त्याला लागून असलेल्या लेडीज डब्यासमोर उभी राहत असे. दोन्ही डब्यांच्या मध्ये पत्र्याचे एक पार्टिशन होते आणि त्याच्या वरच्या भागाला जाळी होती. गाडीने वेग घेतला की त्या जाळीतून आधी टाळांचा आवाज येई, मग पत्र्यावर पडणाऱ्या थापा ऐकू येत, आणि त्यांच्या मागोमाग वडिलांचा आवाज येई. घरी मोजून चार वाक्ये बोलणारा हा माणूस त्या डब्यात बुवा होता. पहिल्याच आठवड्यात आमच्या डब्यातल्या एका काकूंनी मला सांगितले, "ह्या बुवांचा आवाज कानावर पडल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नाही हो." ते माझे वडील आहेत हे सांगण्याचा धीर मला ठाणे येईपर्यंत झाला नाही.

त्या भजनाचे वेळापत्रक गाडीच्या वेळापत्रकाला घट्ट बांधलेले होते. डोंबिवली सोडताच गजर होई आणि त्यानंतर रूपाचा अभंग सुरू होई. त्या काळी जलद गाड्या दिव्यानंतर पारसिकच्या बोगद्यातून जात. १९१६ साली खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे, आणि गाडी त्यात शिरली की चाकांचा खडखडाट भिंतींवर आपटून असा परत येई की शेजारणीचे बोलणेही ऐकू येत नसे. वडिलांच्या मंडळीने ह्या अडचणीचा उपयोग करून घेतला होता. बोगदा जवळ आला की ते अभंगाचे चरण थांबवून नामाचा गजर धरत, कारण गजराला शब्द नीट ऐकू येण्याची गरज नसते, आणि बोगद्यातला तो कल्लोळ टाळांबरोबर मिसळून त्या दीड-दोन मिनिटांपुरता डब्याएवढा मोठा मृदंग वाजत असल्यासारखा वाटे. बाहेर उजेडात येताच पुढचा चरण अचूक जिथे सोडला होता तिथून उचलला जाई. ठाण्यानंतर आणखी दोन अभंग होत, घाटकोपर गेल्यावर गवळण होई, आणि दादरला निम्मी मंडळी उतरत असल्यामुळे भैरवी त्याच्या आधी आटोपावी लागे. भायखळ्यापासून पुढे डब्यात फक्त पंख्यांचा आवाज उरे.

मुंबईतल्या लोकांच्या प्रवासाबद्दल लिहिताना 'वेळ घालवणे' हा शब्दप्रयोग फार सहज केला जातो, आणि मला तो नेहमी अपुरा वाटत आला आहे. डोंबिवली ते तेव्हाचे व्ही.टी., म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस, हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आहे. घरातून स्टेशन, फलाटावरची वाट पाहणे आणि कधीमधी सिग्नलला थांबणे वगळून फक्त गाडीत असल्याचा वेळ जाऊनयेऊन अडीच तास धरला, आणि वर्षाचे कामाचे दिवस २७० धरले, तर ३६ वर्षांच्या नोकरीत माझी दिवसरात्र मोजून पावणेतीन वर्षे लोकलमध्ये गेली. पावणेतीन वर्षे कोणी 'घालवत' नाही. तेवढ्या काळात माणूस शिकतो, भांडतो, कोणाच्या तरी लग्नाला जातो, कोणाला तरी खांदा देतो, एखादी कला हातात आणतो. लोकलमध्ये हे सगळे होताना मी पाहिले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली तो हाच मार्ग, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्ही.टी. ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली ती ह्याच शहरात. त्यानंतरच्या पिढ्यांनी ह्या डब्यांत आपल्या आयुष्याचा किती भाग काढला, ह्याची नोंद कुठल्याही वेळापत्रकात नाही.

गर्दीची नोंद मात्र आहे. रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ डब्याच्या एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असणे असा होतो. आपल्या घरातली एक मोठी चौकोनी सतरंजी अर्धी दुमडावी आणि तेवढ्या जागेत सोळा माणसे उभी करून पाहावीत, म्हणजे हा आकडा समजेल. महासाथीपूर्वी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारे ७५ लाख प्रवास होत. अशा ठिकाणी हात वर केला तर तो खाली आणायला जागा नसते. आणि तरीही तेथे पत्ते खेळले जात, भाजी निवडली जाई, स्वेटर विणले जात, ह्याचे मला आजही नवल वाटते.

वडिलांच्याच डब्याच्या दुसऱ्या टोकाला मेंढीकोटचा अड्डा असे. समोरासमोरच्या बाकांवर चौघे बसत, दोघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी ठेवली जाई आणि तिच्यावर हुकूम बोलला जाई. चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, एका जोडीच्या हाती आल्या की कोट झाल्याची आरोळी आमच्या जाळीपर्यंत पोहोचे. वडील सांगत की त्या चौघांच्या भोवती उभे असलेले आठ-दहा जणही तितकेच खेळात असत, कारण उभ्या माणसाला वरून दोन्ही बाजूंचे पत्ते दिसतात आणि एकही अक्षर न बोलता उभे राहणे हीच त्याची कसोटी असते. कुर्ला आले की बसलेले उठत आणि उभे असलेले बसत. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता. अर्ध्या वाटेत जागा द्यायची, ही ह्या मार्गावरच्या गटांची जुनी रीत आहे आणि एवढ्या गर्दीत ती पाळली जात होती, ह्यात मला मोठी सभ्यता दिसते.

आमच्या डब्यातले जग वेगळे होते. तिथे दिवसाची सुरुवात "कुठे उतरणार?" ह्या प्रश्नाने होई. बसलेल्या बाईने "घाटकोपर" म्हटले की विचारणारी तिच्यासमोर आपली पिशवी रोवून उभी राही आणि मागून येणाऱ्या प्रत्येकीला "ही सीट सांगितली आहे" असे ऐकवले जाई. सांगितलेल्या सीटवर दुसऱ्या कोणी बसणे हा आमच्याकडचा सर्वांत मोठा गुन्हा होता. तीन जणींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा द्यावी लागे आणि ती चौथी एका मांडीवर तोल सांभाळत ठाणे गाठत असे. ह्या सगळ्यातून ओळखी होत, पण आडनावे कळत नसत. वीस वर्षे रोज भेटणाऱ्या बायका माझ्यासाठी कळव्याच्या ताई, मुलुंडच्या वहिनी आणि बँकेतल्या काकू एवढ्याच होत्या. मुलुंडच्या वहिनींच्या धाकट्या मुलाला कोणत्या औषधाने पित्त उठते हे मला ठाऊक होते, मात्र त्यांचे नाव मला त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी, त्यांना द्यायच्या भेटकार्डावर लिहायची वेळ आली तेव्हा कळले.

भाजी निवडण्याचा कार्यक्रम संध्याकाळच्या गाडीतला. ह्या कामाचेही शास्त्र आहे आणि ते मला कळव्याच्या ताईंनी शिकवले. मेथीची जुडी व्ही.टी.ला उघडायची नाही, भायखळ्यालाही नाही. दादरची गर्दी आत येऊन स्थिरावल्यावरच मांडीवर वर्तमानपत्र पसरायचे, कारण त्याआधी बसणाऱ्या धक्क्याने सगळी पाने बाकाखाली जातात. मुळे पहिल्यांदा मोडून वेगळ्या पिशवीत टाकायची, म्हणजे माती पानांना लागत नाही. मग डाव्या हातात चार-पाच काड्या धरून उजव्या हाताच्या अंगठ्याने वरून खाली पाने खुडत यायचे, कोवळे देठ राहू द्यायचे आणि जून देठाशी बोट आपोआप अडखळले की तिथे थांबायचे. ठाण्याला उतरणाऱ्यांची उठबस सुरू होण्यापूर्वी वर्तमानपत्राची पुरचुंडी बांधून पिशवीत गेलेली असली पाहिजे. दादर ते ठाणे म्हणजे एक जुडी, हा हिशेब इतका पक्का होता की दोन जुड्या घेतलेल्या दिवशी मी एक जुडी शेजारणीच्या मांडीवर ठेवत असे आणि ती काही न विचारता निवडायला घेई.

थंडीच्या दिवसांत मेथीची जागा मटार घेत. मटार हा सगळ्या डब्याचा उद्योग असे. एकीने पिशवी उघडली की आसपासच्या पाच-सहा जणी मूठमूठ शेंगा उचलत, उभ्या असलेल्यासुद्धा, आणि थोड्याच वेळात शेंगा फुटण्याचा तो बारीक आवाज सगळीकडून येऊ लागे. सोललेले दाणे हातोहात त्या पिशवीकडे परत येत. आपल्या मुठीतले दोन दाणे तोंडात टाकायचा हक्क सोलणारीला होता. त्या वासाने, भर गर्दीत, घामाच्या आणि गजऱ्यांच्या वासाच्या वर तरंगणाऱ्या त्या हिरव्या वासाने, मला आजही मुलुंडच्या आसपास असल्यासारखे वाटते.

असेच हातोहात दागिने फिरत. क्लिपा, टिकल्या, रबर आणि सेफ्टीपिना विकणाऱ्या बाया डब्यात येत आणि कानातल्यांच्या जोड्या टाचलेला एक मोठा पुठ्ठा त्यांच्याजवळ असे. दारापाशी अडकलेल्या विक्रेतीला आत येणे शक्यच नसे. मग तो पुठ्ठा डोक्यांवरून पुढे सरके, खिडकीपाशी बसलेली एखादी मुलगी त्यातली जोडी काढून कानाला लावून बघे, शेजारची मान हलवे किंवा नको म्हणे, पैसे त्याच वाटेने दारापर्यंत जात आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येत. छत्तीस वर्षांत त्या वाटेवर एक जोडी किंवा एक नाणे हरवल्याचे मी पाहिले नाही.

काही जणी ह्या गलबल्यात पूर्णपणे एकट्या असत आणि त्यांचा एकांत सगळा डबा सांभाळत असे. एक तरुण मुलगी दोन वर्षे दाराजवळच्या कोपऱ्यात उभी राहून कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करीत होती. ती डोळे मिटून ओठ हलवत असे, आणि ती पुटपुटत असताना तिला कोणी "पुढे सरका" म्हणत नसे. बँकेतल्या काकू शंभर पानी वहीत बारीक अक्षरात रामनाम लिहीत. गाडी हलते म्हणून त्यांचे अक्षर तिरके झाले होते आणि घरी बसून लिहिले तरी ते तिरकेच येते असे त्या सांगत. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी त्याची आठ पदरी घडी घालण्याची कला साधली होती. सगळा कागद न उघडता, फक्त अंगठा फिरवून पहिल्या पानावरची बातमी आतल्या पानावर कुठे संपते ते त्यांना सापडत असे. 'नवाकाळ'चा अग्रलेख एकीने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, ही पद्धत माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे होती. शब्दकोडे मात्र सार्वजनिक मालमत्ता असे. 'आडवा सात, तीन अक्षरी' असे एकीने म्हटले की उत्तर पलीकडच्या बाकावरून येई.

सणांचे दिवस वेगळेच. दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूची तोरणे लागत, आंब्याचे डहाळे बांधले जात, गाडीला हार घातला जाई आणि मोटरमनला पेढे दिले जात. रोज हजारो माणसांना सुखरूप पोहोचवणाऱ्या यंत्राची पूजा करावीशी वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते. नवरात्रात ठरलेल्या रंगाच्या साड्या, संक्रांतीला तिळगूळ आणि वाण, कोणा मुलीचे डोहाळजेवण, हे सगळे चालत्या गाडीत होई. बोरिवलीला राहणारी माझी मावसबहीण पश्चिम रेल्वेवरच्या गोष्टी सांगत असे. तिथे ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि त्या गाडीतल्या गरब्याला आमच्या तीन बाकांच्या डब्यातला गरबा कधीच गाठू शकणार नाही, असे तिचे ठाम मत होते.

हे सगळे लिहिताना मला दारात उभ्या असलेल्यांचा विसर पडू द्यायचा नाही. ज्याला आत जागा मिळाली त्याला पत्ते, भजन, मेथी, वाचन. ज्याचा एक पाय फूटबोर्डवर आणि एक हात मधल्या दांड्याला, त्याला ह्यातले काहीही करता येत नाही. त्याच्या प्रवासाचा सगळा वेळ पकड सैल होऊ न देण्यात जातो. वडील म्हणत की भजनात दारातले लोक फक्त गजराला साथ देत, कारण त्याला टाळ्या वाजवाव्या लागत नाहीत. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचे प्राण गेले. मी ती बातमी वाचली तेव्हा सबंध दिवस मला दुसरे काही सुचले नाही. तशाच गाडीच्या दारात उभी राहून माझ्याबरोबरची माणसे वर्षानुवर्षे जात होती.

आणि आतल्या सुखाचीही एक काळी बाजू होती. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात, गाडी चुकल्यामुळे मी एकदा पुढच्या गाडीने गेले आणि रिकामी दिसली म्हणून खिडकीजवळ बसले. तो एका गटाचा बाक होता. पुढच्या पंधरा मिनिटांत मला जे ऐकून घ्यावे लागले ते मी इथे लिहिणार नाही. मी उठले, ठाण्यापर्यंत रडू आवरून उभी राहिले, आणि त्या गाडीने पुन्हा गेले नाही. पुढे दहा वर्षांनी आमच्या बाकावर बसलेल्या एका नवख्या मुलीला मीच "इथे आमच्या ताई बसतात" असे सांगून उठवले. तिचा चेहरा मला आजही आठवतो आणि त्याची लाज वाटते. गटाची ऊब ज्यांना मिळते, त्यांना बाहेरच्याला किती गार वारा लागतो हे कळत नाही. भजनी मंडळींविरुद्धही तक्रारी होत. रात्रपाळी करून डोळे मिटू पाहणाऱ्याला टाळांचा आवाज हा छळच असतो, आणि इतर प्रवाशांना उपद्रव देणाऱ्यांवर कारवाई करण्याची तरतूद १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४५ मध्ये आहेच. बुवांची मुलगी असूनही मला त्या तक्रारी खोट्या वाटत नाहीत. वडिलांनाही वाटत नसत. शेजारी कोणी आजारी दिसले की ते टाळ पिशवीत ठेवायला सांगत आणि मंडळी नुसती गुणगुणत जाई.

वडील १९९२ साली निवृत्त झाले. कचेरीतला निरोपसमारंभ दुपारी झाला, पण त्यांच्या लेखी खरा निरोप सकाळी गाडीत झाला होता. जाळीतून मला फक्त हार घातल्यावर होणाऱ्या टाळ्या ऐकू आल्या, आणि मग त्यांना बोलायला सांगितले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, त्यांनी भैरवी सुरू केली. त्या दिवशी दादरला कोणी उतरले नाही. सगळी मंडळी व्ही.टी.पर्यंत आली. घरी बसल्यावर ते गातील असे आम्हांला वाटले होते. आईने देवघरासमोर सतरंजी घालून दिली, भावाने नवे टाळ आणले. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला आणि मग म्हणाले, "लय सापडत नाही." काही महिन्यांनी एका सकाळी, आमच्या गाडीच्या वेळेला, आतल्या खोलीतून थापांचा आवाज आला. मी दार लोटून पाहिले, तर ते लोखंडी कपाटाच्या दाराला पाठ टेकून उभे होते आणि डाव्या तळव्याने त्या पत्र्यावर ताल धरून रूपाचा अभंग म्हणत होते. मी दार पुन्हा लोटून घेतले आणि त्या दिवशी माझी गाडी चुकली.

त्यांच्यानंतर त्या डब्यातले भजन आणखी काही वर्षे चालले. व्ही.टी.चे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, नवे रेक आले, डब्यांमध्ये पुढच्या स्टेशनाची घोषणा होऊ लागली. कानात एफ.एम. रेडिओ ऐकणारी मुले दिसू लागली, मग मोबाइल आले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले तसे डब्यातले डोके एकेक करून खाली झुकत गेले. तरीही गट टिकून होते. ते खरे तुटले महासाथीत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, जूनमध्ये त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, ऑक्टोबरमध्ये ठरावीक वेळांत आम्हां बायकांना परवानगी मिळाली, आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्या सर्वांसाठी दारे उघडायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडला. दीड वर्षात कोणी घरून काम करू लागले, कोणी नोकरी सोडली, कोणी राहिले नाही. मी परत आले तेव्हा आमच्या बाकावर एकही ओळखीचा चेहरा नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे आणि दिव्यादरम्यानच्या नव्या मार्गिका सुरू झाल्या आणि जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जाईनाशा झाल्या. ज्या ठिकाणी अभंग सोडून गजर धरावा लागे, ते ठिकाणच वाटेतून गेले.

मोबाइलने माणसे एकमेकांपासून तुटली असे आमच्या पिढीतले लोक म्हणतात आणि बराच काळ मीही ते म्हणत होते. शेवटच्या दोन वर्षांत माझे मत थोडे बदलले. माझ्या शेजारी टिटवाळ्याची एक बाई बसत असे. ती कानात इअरफोन घालून एक मालिका पाही. एक भाग सकाळी, एक संध्याकाळी, रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवलेले. एकदा मी तिला विचारले की घरी का पाहत नाहीस. ती म्हणाली, "काकू, घरी दोन खोल्या आणि सात माणसं. तिथे माझ्या हातात मोबाइल दिसला की कोणाला तरी चहा हवा असतो. इथे मला कोणी काही मागत नाही." मी ह्यावर काय बोलणार? आम्ही ज्या डब्यात सोबत शोधत होतो, त्याच डब्यात तिला एकांत हवा होता. दोघींनाही हवे ते दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी मिळत नव्हते. आणि सोबतही अगदीच संपलेली नाही. चार मुली एकाच मोबाइलवर लुडो खेळत. तो मोबाइल प्रत्येकीच्या पाळीला हातातून हातात जाई, सोंगटी मेली की डबाभर ओरडा होई, आणि भोवती उभ्या असलेल्या बायका, ज्यांना चारही जणींचे डाव दिसत, त्या ओठ घट्ट मिटून उभ्या राहत. वडिलांनी वर्णन केलेला मेंढीकोटचा अड्डा मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

डिसेंबर २०२३ मध्ये मी निवृत्त झाले. बाजारातून आणलेली मेथी आता दिवाणखान्यात, पंख्याखाली, मांडीवर वर्तमानपत्र पसरून निवडते. मुळे आधी मोडते, पाने वरून खाली खुडते, सगळे कळव्याच्या ताईंनी शिकवल्याप्रमाणे. पण घरी एका जुडीला किती वेळ लागतो ते मला अजून कळलेले नाही. कधी ती हातात तशीच राहते आणि अंधार पडतो, कधी निवडून झाल्यावरही मी काड्या चाचपत बसते. परवा सुनेने स्वयंपाकघरातून विचारले, "आई, मेथी झाली का?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "थांब, अजून मुलुंड यायचं आहे."